दोरीची लांबी

महाड,
कार्तिक वद्य पंचमी

ती. स्व. वहिनींस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वन्सं, नातवाचं पुढं काय करायचं?" आणि तेवढ्यात रेंज गेली. मी परत फोन लावला नाही. वाडीवर फोनवर बोलायचं म्हणजे तुम्हाला अंगणाच्या कडेला येऊन मोठ्यानं बोलावं लागतं, आणि या दिवसांत सूनबाई खळ्यावर भात झोडत असणार. आपलं अर्धंमुर्धं बोलणं तिच्या कानावर पडायला नको. म्हणून सावकाश बसून लिहिते आहे. दादाला वाचून दाखवा.

तुम्ही नातवाचं विचारलंत, पण मला आधी सूनबाईचं बोलायचं आहे. पोराचं जे काही भलं व्हायचं ते तिच्या हातून व्हायचं आहे आणि ती फार दमली आहे, वहिनी. तुमच्या ते लक्षात आलं नसेल असं मी म्हणत नाही. घरात रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस दमलेलं दिसत नाही, एवढंच.

गौरीच्या दिवशीचं सांगते. सकाळी पोरानं दारातल्या चपला लावल्या होत्या. मुंबईहून आलेले, शेजारचे, पाहुणे मिळून तीस-चाळीस जोड असतील. सगळ्यांना तो खेळ वाटला. मी जवळ जाऊन पाहिलं. एकही जोडी चुकली नव्हती, आणि रांग लहानापासून मोठ्यापर्यंत चढत गेलेली. सहा वर्षांच्या मुलाला पहिलीत आम्ही हेच शिकवतो, लहान-मोठा क्रम, आणि ते यायला कित्येक मुलांना सहा महिने लागतात. तोंडातून शब्द नाही, पण ही समज आहे. मग दुपारी बाल्या नाचवाले आले. ढोलकी सुरू झाली तसा तो किंचाळला, कान दाबून जमिनीवर पडला. सूनबाईनं त्याला उचललं आणि मागच्या पडवीत नेलं. अर्ध्या तासानं मी हात धुवायला मागे गेले, तर ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी. पोराचा एक कान तिनं छातीशी दाबून धरलेला, दुसऱ्यावर आपला तळवा ठेवलेला. पावसाची झड आत येत होती, नव्या साडीचा पदर भिजला होता. सहा वर्षांचं पोर काही हलकं नसतं. मी काय म्हणाले? "थांब जरा, जातील ते आता." आणि आत येऊन घावनं वाढायला बसले. तिचं पान साडेचार वाजता वाढलं गेलं, गार झालेलं. तीस वर्षं वर्गात पोरं सांभाळलेली बाई मी, मला दोन हात पुढं करून "दे इकडे" म्हणायचं सुचलं नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आणि ते जात नाही याला एक जुनं कारण आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

१९९८ साल. मी तेव्हा एका डोंगराकडच्या शाळेत होते. पहिलीत एक मुलगा होता, अगदी आपल्या छोट्यासारखा. बोलायचा नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, घंटा झाली की पळत सुटायचा. आई रोज त्याला आणून सोडायची आणि शाळेच्या कोपऱ्यावर बराच वेळ उभी राहायची. एक दिवस त्यानं वर्गातला पिण्याच्या पाण्याचा हंडा उपडा केला. आई अजून कोपऱ्यावरच होती. मी तिला बोलावलं आणि सगळ्या पोरांदेखत म्हणाले, "घरी जरा वळण लावा की. सगळं शाळेनंच करायचं का?" तिनं उत्तर दिलं नाही. पदरानं पोराचं नाक पुसलं, त्याला कडेवर घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत राहिले.

पुढच्या वर्षी शाळाबाह्य मुलांची नोंद घ्यायला मी तिच्या वाडीवर गेले. भर दुपार. घरात कुणी नव्हतं, आणि पोर पडवीच्या मेढीला बांधलेलं. पाहून मला संताप आला. मग मी जवळ गेले. दोरी सुंभाची नव्हती, जुन्या लुगड्याची पट्टी वळून केलेली होती. कमरेला सदऱ्यावरून बांधलेली, म्हणजे अंगाला काचू नये. गाठ पाठीमागे. पाण्याचा तांब्या हाताशी, शेजारी थाळीत भाकरीचा तुकडा आणि सहा-सात गोटे, त्याच्या आवडीचे. दोरी किती लांब होती ते मी पाहिलं. ऊन सरकेल तसं सावलीबरोबर सरकता येईल इतकी, आणि ओट्याची कड लागायच्या आधी संपेल इतकी. कुणीतरी ते नीट बसून, पोराला चालवून, मापलं होतं. एवढ्यात ती आली, डोक्यावर फाट्यांचा भारा. तिनं आधी गाठ पाहिली, मग पोराकडे आणि मग माझ्याकडे. भारा न उतरवताच म्हणाली, "बाई, पऱ्यावर जातो." बस, एवढंच.

त्या गावात सत्तर-ऐंशी घरं असतील. शाळा होती, देऊळ होतं, भजनी मंडळ होतं. या बाईला दोन तास पोर धरणारं एक माणूस त्यातून निघालं नाही, म्हणून तिनं दोरी केली. आणि जिच्याकडे ते पोर रोज पाच तास राहू शकलं असतं, तिनं तिला चारचौघांत वळणाचं ऐकवलं. ती मी.

तेव्हा या गोष्टीचं नाव मला ठाऊक नव्हतं. आज आपण ऑटिझम म्हणतो, पुस्तकात स्वमग्नता लिहितात. १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला, त्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस प्रकार झाले, त्यात नीट नावानिशी. पण नाव ठाऊक नसणं हे आईला बोल लावायचं कारण होत नाही. तो बोल आपण नाव नसताना लावतो आणि नाव कळल्यावरही लावतो.

हे फक्त आपल्या डोंगरातच होतं असं नाही हो. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं, आणि तिथंच आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं गेलं. पुढं वीस-पंचवीस वर्षं मोठमोठे डॉक्टर सांगत होते की आईनं माया लावली नाही म्हणून पोर असं झालं. बर्नार्ड रिमलंड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा स्वतःचा मुलगा असा होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं की हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा याच्याशी संबंध नाही. तरी तीन वर्षांनी ब्रुनो बेटलहाइम यांचं पुस्तक आलं आणि आईवरचा आरोप गाजतच राहिला. शिकलेल्या लोकांची ही गत.

म्हणून वहिनी, हात जोडून सांगते. "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं" हे वाक्य पुन्हा घरात निघू देऊ नका. आणि ते ग्रहणात विळी हातात घेतल्याचंही. तुम्ही रागानं बोलत नाही, तुमचाही जीव तुटतो म्हणून बोलता, हे मला कळतं. पण तिला त्यात एकच ऐकू येतं, की हे तिच्यामुळं झालं. मूल पोटात असतानाच मेंदू वेगळ्या तऱ्हेनं घडतो, पुष्कळदा ते रक्तातून आलेलं असतं, आणि त्या रक्तात आपलं रक्तही आहे. दादा लहानपणी किती उशिरा बोलायला लागला, ते आई सांगायची, आठवतं?

आता मदत म्हणजे काय, ते सांगते. मला ती २०२१ च्या पुरात कळली. २२ जुलैला सावित्री आणि गांधारी दोन्ही चढल्या आणि आमच्या घरात माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं. त्याच दिवशी तळियेवर दरड आली, तुमच्या पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर आली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. मी दारात नुसती उभी होते. कुठनं सुरुवात करायची तेच कळत नव्हतं. तेवढ्यात चार पोरं आली, कुठल्या गावची ते आजही मला ठाऊक नाही. "ताई, काय मदत हवी?" असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी "काही नको" म्हणाले असते. त्यांनी फावडी घेतली आणि चिखल ओढायला लागली. घर सखल भागात का बांधलं, असंही कुणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत फरशी दिसली आणि मग मला रडू आलं.

सूनबाईच्या घरात तो चिखल रोज सकाळी नव्यानं येतो. तिला "काही लागलं तर सांग" म्हणून उपयोग नाही. ती नाही सांगणार. तिनं काय सांगावं, आणि कुणाला? तुमच्याकडून मला आठवड्याचे दोन ठरलेले तास हवेत. कधीतरी, जमेल तेव्हा, असं नको. मंगळवार म्हटलं की मंगळवार. त्या दोन तासांत पोर आजीचं. तो रडेल, शोधेल तिला, पहिले दोन-तीन आठवडे जड जातील. त्याला बोलतं करायची काही धडपड करू नका. त्याच्याजवळ बसा, तो जे करतो ते तुम्हीही करा. तो गोटे लावत असेल तर तुम्ही एक गोटा लावा. तो तुमचा गोटा काढून टाकेल. मग एक दिवस नाही काढणार. त्या दिवशी मला फोन करा, अंगणाच्या कडेला येऊन करा.

दुसरं, अलिबागचं. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात जावं लागणार. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी आपल्या महाडच्या सेवा केंद्रात मी करून घेते, तिचं आणि पोराचं आधार आणि फोटो फक्त पाठवा. पण अलिबाग शंभराहून अधिक किलोमीटर. पोलादपूर, महाड, माणगाव, पुढं वडखळचा फाटा, एसटीत पोर कान दाबून बसणार आणि गाडीतली माणसं आईकडे बघणार. तिथं रांगेत एकानं उभं राहायचं आणि एकानं पोराला बाहेर झाडाखाली फिरवायचं, हे एकट्या बाईचं काम नव्हे. ऑटिझमची तपासणी चाळीस मुद्द्यांची असते. एकेक मुद्दा घेऊन आईला विचारतात. तो नावानं हाक मारल्यावर बघतो का, इतर मुलांत मिसळतो का, धोका कळतो का. पोटच्या पोराला काय काय येत नाही हे तिनं बसून एकापुढं एक सांगायचं. त्या खोलीतून बाहेर आल्यावर तिच्याशी काय बोलायचं, ते मलाही ठाऊक नाही. पण शेजारी कुणीतरी असलं पाहिजे.

ते कुणीतरी म्हणजे तुमचा मुलगा. त्याला तुम्हीच सांगा, माझं तो हसण्यावारी नेईल. गणपतीला आणि शिमग्याला येतो, पैसे वेळच्या वेळी पाठवतो, वाईट मुलगा नाही तो. पण गौरीच्या दिवशी पोर किंचाळलं तेव्हा तो ओट्यावर मुंबईच्या मित्रांत होता आणि त्यानं मान फिरवली. मी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लाज होती, आणि लाजेच्या खाली भीती. बाप्यांना रडायला जागा नसते, म्हणून ते कामाचं निमित्त काढतात. पोलादपूरच्या निम्म्या घरांतले बाप मुंबई-सुरतेला आणि इकडं आया एकट्या, त्यामुळं ही लाज त्यालाही एकट्यानंच गिळावी लागते. त्याला अलिबागच्या दिवसाची रजा काढायला सांगा. ते चाळीस मुद्दे त्यानं शेजारी बसून ऐकले पाहिजेत. निम्मी उत्तरं त्याला येणार नाहीत, आणि ते त्याला कळणं चांगलं.

चाळीस टक्क्यांचा किंवा वरचा दाखला मिळाला की बरंच काही उघडतं. एसटीत ७५ टक्के सवलत, राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा, ज्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचारांचा खर्च मिळतो, संजय गांधी निराधार योजना. ते कागद माझ्यावर सोडा. पुरात माझ्या सेवापुस्तकाच्या प्रती भिजून लगदा झाल्या, तेव्हापासून मी सगळं प्लास्टिकच्या पिशवीत आणि शिवाय फोनमध्ये ठेवते.

शाळेचं. गुरुजींनी "याला नका आणू" म्हटलं असेल तर ते तोंडी आहे, लेखी कुणी देणार नाही, कारण देता येत नाही. शिक्षण हक्काचा कायदा आहेच, आणि २०१६ च्या कायद्यानं अशा मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, जवळच्या शाळेत किंवा आईबाप निवडतील त्या विशेष शाळेत. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची वाडीवर भेट मागता येते. पण खरं सांगते, गुरुजींशी भांडू नका. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, वर पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय, ते आपल्या डोंगरात यायला वेळ लागेल. तोवर सूनबाईनं नव्हे, दादानं शाळेत जावं. आजोबा जाऊन बसले की बोलणं वेगळं होतं. गुरुजींना सांगावं की घंटेच्या आधी पाच मिनिटं त्याला बाहेर काढा, आणि वर्गाबाहेरच्या चपला लावायचं काम त्याला द्या. सुरुवातीला एक तास बसला तरी पुष्कळ. मी त्या १९९८ च्या मुलाला एवढं दिलं असतं तर.

तुम्ही मागं हळूच विचारलं होतंत, कुठं ठेवता येईल का. विचारलंत यात पाप नाही. पेणला सुहित जीवन ट्रस्टची सुमंगल शाळा आहे, विशेष मुलांची, पण ते रोज जाऊन-येऊन करायचं अंतर नव्हे, आणि सहाव्या वर्षी आईपासून तोडू नये असं माझं मत आहे. तुमच्या प्रश्नाच्या मागं दुसरा प्रश्न आहे, तो मला ऐकू आला. आपण गेल्यावर याचं काय? तो प्रश्न प्रत्येक आईबापाचा आहे. मुंबईत मिठू आलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी काढली, कारण त्यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होता आणि तिच्याजोगी शाळाच नव्हती. डोंबिवलीजवळ 'घरकुल' आहे, मोठ्या झालेल्या विशेष मुलांचं कायमचं घर, तेही पालकांनीच एकत्र येऊन उभं केलेलं. सगळीकडे हेच दिसतं. दोन आईबाप एकमेकांना भेटले, मग चार, मग शाळा झाली, घर झालं. तुमच्या पंचक्रोशीत सूनबाईसारखी आई एकटीच असेल असं मला अजिबात वाटत नाही. कापड्याच्या बाजारात, आरोग्य केंद्रात, अंगणवाडी ताईंना विचारा. एक जरी सापडली तरी त्या दोघींची गाठ घालून द्या आणि आपण बाजूला व्हा. सूनबाई त्या आईला जे सांगेल ते मला, तुम्हाला नाही सांगणार.

नातीकडेही जरा बघा. नऊ वर्षांची पोर भावाचं तोंड पुसते, भाऊ पळाला की हातातलं टाकून धावते. सगळे तिचं कौतुक करतात, "किती शहाणी." त्या मंगळवारच्या दोन तासांत तिलाही मोकळी सोडा. तिला पऱ्यावर खेळायला जाऊ दे.

मी गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. तुमच्याकडे चार दिवस राहीन. पोलादपूर स्टँडवर कुणाला पाठवू नका, मी येईन रिक्षानं. सूनबाईला माझ्या येण्याचं कारण सांगू नका, झोडणीला हात द्यायला येतेय म्हणा. मी आले की मागच्या पडवीत चटई टाकून ठेवा, तिला झोपावंसं वाटलं तर झोपेल, माहेरी जाऊन यावंसं वाटलं तर जाऊन येईल. विचारू नका काही. आणि माळ्यावरच्या, खोपटातल्या, जुन्यापान्या सगळ्या चपला काढून दारात ठेवा, वादी तुटलेल्यासुद्धा. मी आणि तो लावत बसू.

तुमची नणंद